चौथ्या चाकाची साक्ष

गायमुख खिंडीतून भाज्याकडे उतरणारा रस्ता उन्हाळ्यात नुसताच उभा असतो. आषाढात तो वाहूही लागतो. एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर. दोन्हींवरून निघालेलं पाणी ओढ्याची वाट सोडून डांबरावर येतं, येताना मुरूम आणतं, आणि शनिवार-रविवारी मळवलीहून वर चढलेल्या गाड्या संध्याकाळी त्याच पाण्यातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खाली येतात. त्यात एखादी बारा-पंधरा वर्षांची गाडी असतेच. वळणावर ट्रेकरांचा घोळका आडवा येतो, पाय ब्रेकवर पडतो, गाडी थांबतेही; पण डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो आणि विझायचं नाव घेत नाही. गोलात तीन अक्षरं: एबीएस.

गाडीवाला थोडा वेळ त्या दिव्याकडे बघतो आणि मग बघायचं सोडून देतो. ब्रेक लागतोय, पेडल कडक आहे, गाडी घरी पोहोचली. मग दिव्याचं एवढं काय? कुणी त्यावर काळी टेप चिकटवतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात तर दिव्याची जोडणीच काढून टाकणारे महाभाग भेटतात. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो का, ते आधी पाहावं. लागून दोन-तीन सेकंदांत विझला, तर ठीक. मुळीच लागला नाही, तर विकणाऱ्याशी जरा सावकाश बोलावं.

दिव्याचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं असतं. ब्रेक गेला, असं तो म्हणतच नाही. चार चाकांपैकी एकाची साक्ष बाकी तिघांशी जुळत नाही आणि ती जुळेपर्यंत संगणक या भानगडीत पडणार नाही, एवढंच त्याचं सांगणं. साधा ब्रेक जिथल्या तिथे असतो. चाक लॉक व्हायच्या बेतात आलं की दाब क्षणभर सोडायचा आणि पुन्हा धरायचा, हे काम करणारी यंत्रणा तेवढी बाजूला झालेली असते. जोडीला लाल दिवाही लागला, तर प्रकरण निराळं. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते, किंवा ब्रेक ऑइल उतरलेलं असू शकतं. तेव्हा गाडी कडेला घ्यायची आणि स्वतःशी वाद घालायचा नाही.

लॉक झालेलं चाक घसरत जातं आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंगचं ऐकता येत नाही. जुने ड्रायव्हर हे पायानेच शिकलेले. ओल्या रस्त्यावर ते ब्रेक दाबून धरत नसत. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. हेच काम सेकंदात अनेकदा आणि प्रत्येक चाकाचा हिशेब ठेवून करता आलं तर, या प्रश्नाने इंजिनिअरांना बराच काळ छळलं. डनलॉपचं मॅक्सारेट नावाचं यंत्र १९५० च्या दशकात विमानांच्या चाकांवर बसलं. मोटारीसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आणलं. आपल्याकडे कारच्या नव्या मॉडेलांना ते एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्याच नव्या कारना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या छोट्या गाड्यांत ते बहुतेक वेळा वरच्या, महागड्या प्रकारातच मिळायचं. म्हणजे आज काळ्या टेपखाली झाकलेला दिवा ज्या जुन्या गाडीत आहे, त्या गाडीच्या पहिल्या मालकाने शोरूममध्ये या तीन अक्षरांसाठी वेगळे पैसे मोजले असण्याचीच शक्यता जास्त.

आता चाकाची साक्ष घेतात कशी, ते पाहू. चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी रिंग असते आणि तिच्यापासून जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं, बस. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तारेत वीज उमटते. दात किती वेगाने जातायत, तेवढे ठोके. रिंगला ४८ दात आहेत आणि टायरचा घेर सव्वाअठराशे मिलिमीटर आहे असं धरलं, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २६० ठोके पडतात. चारही चाकांचे ठोके संगणक मोजत राहतो. ब्रेक दाबल्यावर एका चाकाचे ठोके बाकीच्यांपेक्षा एकदम कमी झाले, म्हणजे ते लॉक होतंय. सगळा डोलारा एवढ्या मोजणीवर उभा आहे.

या सेन्सरला बाहेरून वीज लागत नाही. स्वतःची वीज तो स्वतःच करतो. म्हणूनच गाडी रांगत असताना त्याचा आवाज फार क्षीण होतो. नंतरच्या गाड्यांत दुसरी जात आली. तिला गाडीकडून वीज द्यावी लागते, आणि दातांच्या रिंगऐवजी पुष्कळदा बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे भरलेले असतात. हा सेन्सर अगदी संथ गतीतही स्पष्ट बोलतो. दोघांची तपासणी वेगळी असते, आणि गॅरेजमधली पहिली गफलत इथेच होते. पहिल्या जातीला मल्टिमीटर लावून रोध मोजता येतो. तो साधारण एक ते अडीच हजार ओहमच्या आसपास दिसतो. चाक हाताने फिरवलं तर मीटरवर काही मिलिव्होल्ट हलताना दिसतात. दुसऱ्या जातीवर तोच ओहमचा काटा ठेवून काही कळत नाही, उलट आतल्या नाजूक चिपला इजा व्हायची भीती.

जुन्या हायवेवर कामशेतपासून कार्ला फाट्यापर्यंत आणि पुढे लोणावळ्यापर्यंत गॅरेजांना तोटा नाही. पावसाळ्यात तिथे ऐकू येणारा संवाद ठरलेला असतो. स्कॅनर लावला जातो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये त्याचं तोंड बसतं, पडद्यावर सी-००३५ असं काहीतरी उमटतं आणि निकाल जाहीर होतो:

“पुढचा डावा सेन्सर गेलाय, मालक. नवा टाकू?”

“टाका की, दादा. दिवा गेला पाहिजे.”

दोघेही जरा घाईत असतात. त्या कोडचा अर्थ ‘पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ एवढाच. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कपलर, पुढची वायर आणि संगणकापर्यंतचा सगळा रस्ता. ००४० म्हणजे पुढचं उजवं, ००४५ मागचं डावं, ००५० मागचं उजवं. कोड घर दाखवतो. घरातलं कोण आजारी आहे ते सांगत नाही. (ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणारा ब्लूटूथचा डोंगल तर पुष्कळदा घरही दाखवत नाही, तो इंजिनाशी बोलतो, एबीएसच्या संगणकाशी त्याची ओळखच नसते.) नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा लागतो. मग दोष सेन्सरच्या कंपनीचा ठरतो, किंवा गाडीच्या वयाचा.

चांगला मेकॅनिक कोडवर लगेच विश्वास ठेवत नाही. आधी तो चारही टायर बघतो. एका चाकावर वेगळ्या मापाचा किंवा फारच झिजलेला टायर असेल, तर त्याचा घेर कमी भरतो, ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं आणि संगणकाला साहजिकच ती साक्ष खोटी वाटते. घाईत लावलेली स्टेपनी तशीच राहिली, असंही घडतं. मग तो स्कॅनरवर चारही चाकांचा चालू वेग उघडतो, शेजारी कुणालातरी पडदा बघायला बसवतो आणि सरळ रस्त्यावर ताशी वीस-तीसने गाडी नेतो. तीन आकडे एकत्र चढतात-उतरतात. चौथा शून्यावर बसून असतो, किंवा मधूनच कोसळून परत वर येतो. हा फरक फार मोलाचा. कायम शून्य म्हणजे बहुधा तुटलेलं काहीतरी. मधूनच कोसळणं म्हणजे सैल झालेलं, चिरलेलं किंवा घाणीने झाकलेलं काहीतरी.

आणि घाणीच्या बाबतीत मावळ उदार आहे. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. भातलावणीच्या दिवसांत खाचरांतून निघालेले ट्रॅक्टर चाकांतला चिखल रस्त्याला वाटत जातात. हा सगळा मुलूख बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, आणि त्या कातळात मॅग्नेटाइटचे कण असतात. ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवून त्याला चिकटलेली काळी मिशी दाखवण्याचा खेळ इथल्या कित्येक मुलांनी केलेला असतो. सेन्सरच्या पोटात चुंबकच आहे. ब्रेकच्या डिस्कची झीज, पॅडमधली लोखंडी भुकटी आणि रस्त्यावरची ही काळी रेती, सगळं त्याच्या तोंडाला येऊन चिकटतं. थर वाढला की दात आणि खड्डा यांतला फरक पुसट होतो. तेव्हा नुसतं सेन्सर काढून फडक्याने पुसणं, रिंगच्या फटी ब्रशने साफ करणं एवढ्यावर काम भागू शकतं. या दुरुस्तीचं बिल करताना गॅरेजवाल्याला संकोच वाटतो, गाडीवाल्यालाही पैसे देताना जड जातं. बदललेल्या वस्तूचे पैसे देण्याची आपल्याला सवय आहे, शोधण्याचे देण्याची नाही.

पुढच्या चाकांच्या वायरीचा त्रास आणखी वेगळा. ती शॉकअबसॉर्बरच्या कडेने येते, आणि स्टिअरिंग वळलं की दर वेळी वाकते. दहा-बारा वर्षं रोज वाकल्यावर आतला तांब्याचा धागा तुटतो, वरचं रबर शाबूत राहतं. गाडी सरळ उभी असताना टोकं एकमेकांना टेकलेली असतात, मीटर सगळं बरोबर दाखवतो, आणि मेकॅनिक गोंधळून सेन्सर बदलतो. अशा वेळी मीटर लावून ठेवायचा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि वायर बोटांनी थोडी थोडी हलवत जायचं. एका जागी आकडा उडतो. तिथेच रोग. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवा गंज दिसला, तर पाणी आत गेलेलं असतं. आणि मळवलीत गाडी झाडाखाली किंवा गोठ्याच्या पडवीत उभी राहत असेल, तर उंदरांना विसरून चालत नाही. पावसात कोरडी, उबदार जागा त्यांनाही हवी असते.

सगळ्यांत फसवा आजार रिंगचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती एक्सलच्या टोकाला, सीव्ही जॉइंटवर ठोकून बसवलेली असते. तिच्याखाली गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं, रिंग आतून ताणली जाते आणि एके दिवशी तडकते. फट केसाएवढी. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी दोन दातांतलं अंतर जास्त भरतं, आणि त्या क्षणी संगणकाला वाटतं, चाक अडखळलं. भर वेगात हे खपून जातं. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला गाडी हळू करत आणली, वेग दहाच्या खाली आला, की पायाखालचं पेडल विनाकारण थरथरतं, खालून गरगर आवाज येतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी हातभर पुढे सरकते. दिवा कधी लागतो, कधी लागतही नाही. कोरड्या रस्त्यावर, हळू थांबताना पेडल थरथरलं तर सेन्सरला दोष देण्याआधी टॉर्च घेऊन रिंगचा पूर्ण फेरा बघायला हवा. बेअरिंगमध्येच पट्टे असलेल्या गाड्यांत तर नवं बेअरिंग उलटं बसवलं जाण्याचा धोका असतो. दोन्ही बाजू दिसायला सारख्या. चुंबकाची बाजू सेन्सरकडे नसली, की चाक फिरतं आणि साक्ष मात्र शून्य.

एवढं करून सेन्सरच मेलेला निघाला, तर खरी मेहनत पुढे असते: तो बाहेर काढणे. एक दहा नंबरचा बोल्ट, बाकी काही नाही. पण सेन्सरचं प्लॅस्टिक अंग लोखंडी नकलच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, भोकात वर्षानुवर्षांच्या गंजाने घट्ट झालेलं असतं. पक्कडीने ओढलं की डोकं हातात येतं, धड आत राहतं. म्हणून आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, ओढण्याआधी हळूहळू डावी-उजवीकडे पिळायचं, आणि तरीही तुटलाच तर धीराने ड्रिल करून काढायचं. भोक आणि त्याची कड एमरी पेपरने स्वच्छ करणं, हे काम बहुतेक जण टाळतात. कडेखाली गंजाचा पापुद्रा राहिला, तर नवा सेन्सर तेवढा वर उचलला जातो, रिंगपासूनचं अंतर वाढतं, आणि नवा कोरा सेन्सरही पुटपुटतच बोलतो.

सुटा भाग मिळायचा कुठे, हा प्रश्न मावळात जरा विचित्र वाटावा. डोंगरापलीकडे चाकणला बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या कल्याणी ब्रेक्सचा, एबीएस बनवणारा कारखाना आहे. पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. मळवलीहून लोकलने कामशेत, कान्हे, वडगाव ओलांडून तळेगावला उतरलं, की जनरल मोटर्सचा २००८ मध्ये सुरू झालेला कारखाना. शेवरोले बीट तिथेच तयार व्हायची. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, निर्यातीसाठीचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं, आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. त्याच तालुक्यात जन्मलेल्या गाड्या अजून इथल्याच रस्त्यांवर फिरतायत. जिथून त्या निघाल्या, त्या दारावरची पाटी तेवढी बदलली. अशा गाड्यांचे मालक भागावरचा नंबर टिपून घेतात आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांतून किंवा ऑनलाइन शोधतात. हाच सेन्सर आणखी दोन-तीन मॉडेलांना बसतो, असं पुष्कळदा निघतं. नंबरबरोबर वायरीची लांबी आणि कपलरचा आकारही जुळवून घ्यावा लागतो. भंगारातून दुसऱ्या गाडीचा सेन्सर स्वस्तात मिळतो, पण त्याच वयाची, तितकीच वाकलेली वायर आणण्यात फारसं शहाणपण नाही.

मळवलीच्या फलाटावर उभं राहिलं, तर हीच यंत्रणा रुळावरून जाताना दिसते, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये नव्या बनावटीचे, एलएचबी डबे मिळाले. या डब्यांच्या प्रत्येक आसावर दातेरी चकती असते, समोर वेग मोजणारा सेन्सर असतो. ब्रेक लागताना एखादा आस बाकीच्यांपेक्षा लवकर थांबायला लागला, तर त्याच्या ब्रेक सिलिंडरमधली हवा क्षणभर सोडली जाते. नाहीतर चाक रुळावर घासत जातं, एका जागी सपाट होतं आणि पुढे फेऱ्यागणिक ठोका देत राहतं. लोखंडाच्या रुळावर, घाटातल्या पावसात, हे व्हायला वेळ लागत नाही.

आणि हा घाट म्हणजे बोरघाट. १८३० मध्ये इथून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे. रेल्वेचा चढ सदतिसास एक. चढताना मागून इंजिनं जोडावी लागतात. उतरताना ब्रेकवरच सगळी भिस्त. म्हणून इथे कॅच सायडिंगची पद्धत बसली. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा एक आंधळा रूळ. खाली येणाऱ्या गाडीसाठी सांधे एरवी त्या आंधळ्या रुळाकडेच लावलेले असतात. गाडीने ठरल्या जागी थांबायचं, आपल्याला थांबता येतं हे दाखवायचं, मगच सांधे मुख्य मार्गाकडे वळतात. न थांबणारी गाडी आपोआप चढावर जाते आणि तिथे तिचा वेग जिरतो. घाटाने प्रत्येक गाडीवर आधी संशय घ्यायचं ठरवलं आहे. ती कुठली एक्सप्रेस आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुन्या हायवेवरचा शिंगरोबाही याच घाटातला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची गोष्ट त्याच्याभोवती सांगितली जाते आणि उतरणारे ट्रकवाले त्याला हात जोडून पुढे जातात. त्यांचा ब्रेकवर विश्वास नसतो असं नाही. पण सगळा भार एकट्या ब्रेकवर सोडून द्यावा, असंही त्यांना वाटत नाही.

कारमधल्या एबीएसच्या संगणकाचं वागणं याच जातीचं आहे. एका चाकाबद्दल शंका आली की तो अंदाजाने काम रेटत नाही. चूक माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा तो दिवा लावून बाजूला होतो आणि पाय, पेडल, ऑइल यांच्या जुन्या नात्यावर गाडी सोपवतो. रस्त्यावर इतका प्रामाणिक शेजारी क्वचित मिळतो. त्याच्यावर टेप चिकटवणारा माणूस नेमका उलटा वागतो: कॅच सायडिंगचे सांधे कायमचे मुख्य मार्गाकडे लावून घरी निघून जातो. आणि एबीएसला देव मानणाराही फसतो, कारण सुट्या खडीवर किंवा मुरमावर ते चालू असूनही गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते. गायमुखच्या उतारावर वेग कमी ठेवण्याला कुठल्याच सेन्सरचा पर्याय नाही.

दुरुस्ती झाल्यावर स्कॅनरने कोड पुसतात. पण काही गाड्यांत दिवा तेवढ्याने जात नाही. चारही चाकांचे ठोके जुळतात, हे संगणकाला चालत्या गाडीत स्वतः तपासायचं असतं, आणि त्यासाठी थोडं अंतर सलग पंधरा-वीसच्या वर वेग लागतो. रविवारी दुपारी मळवली स्टेशनापासून कार्ला फाट्यापर्यंत, भाजे धबधब्याची आणि एकवीरेची गर्दी एकत्र आलेली असताना, हा वेग सलग मिळणं कठीण. जाणते मेकॅनिक त्या दिवशी गाडी ठेवूनच घेतात आणि सोमवारी सकाळी पहिली लोकल गेल्यावर, फाटक उघडं असताना, चक्कर मारून आणतात. आल्यावर बोनेट लावायच्या आधी वायरीचा क्लिप पुन्हा त्याच्या मूळ खाचेत बसला आहे ना, हे एकदा वाकून बघतात. तो सुटा राहिला, तर वायर टायरला घासते, आणि मग पुढच्या आषाढाचीही वाट बघावी लागत नाही.